एआयला निधी मिळाला, पण बाईला उपचार मिळणार का?

देशपांडे नगर (हुबळी) : ‘एआय आता कर्करोग ओळखणार’ अशी एखादी बातमी हल्ली दर आठवड्याला मोबाईलवर येते. त्यात बायकांचे कर्करोग आघाडीवर असतात. गर्भाशयमुखाचा फोटो काढला की मशीन सांगणार, सोनोग्राफीची इमेज दिली की बीजांडकोशातली गाठ साधी की वाईट ते मशीन ठरवणार. या कामासाठी दिल्लीपासून बेंगळुरूपर्यंत निधीच्या घोषणाही होत आहेत. हे चांगलंच आहे. पण देशपांडे नगरसारख्या भागातल्या दवाखान्यांत गदग, हावेरी, हल्याळ, खानापूरकडून ज्या बायका तपासायला येतात, त्यांच्या हाती यातलं काय पडणार, याचा हिशोब कुणी मांडत नाही. तो मांडायचा हा प्रयत्न आहे.

आजार किती मोठा?

आधी आकडा पाहू. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार बायकांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो आणि सुमारे ८० हजार त्यात दगावतात. बीजांडकोशाच्या कर्करोगाचे नवे रुग्ण वर्षाला ४७ हजारांच्या आसपास आहेत. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वेगळाच.

यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची गोष्ट जास्त चटका लावणारी आहे, कारण तो बराचसा टाळता येतो. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे तो होतो. संसर्गापासून कर्करोग व्हायला सहसा दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहूनही जास्त काळ जातो. म्हणजे पकडायला वेळ भरपूर असतो. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी फक्त १.९ टक्के बायकांनी ही तपासणी आयुष्यात कधीतरी एकदा केल्याचं आढळलं. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बायकांची तपासणी झालेलीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं २०३० चं उद्दिष्ट आहे ७० टक्के बायकांच्या तपासणीचं.

आता एआयचा प्रश्न इथून सुरू होतो. मशीन कितीही हुशार असलं, तरी जी बाई तपासणीला आलीच नाही तिचा फोटो ते वाचणार कसं?

पैसा कुठून येतो, कुठे जातो?

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये ‘इंडिया एआय मिशन’ला मंजुरी दिली. पाच वर्षांसाठी १०,३७१.९२ कोटी रुपये. त्यातला सुमारे ४४ टक्के वाटा संगणकीय ताकद उभी करायला, म्हणजे महागड्या चिप आणि सर्व्हर यांसाठी आहे. याशिवाय एआयच्या तीन उत्कृष्टता केंद्रांसाठी मिळून ९९० कोटी रुपयांची तरतूद झाली. त्यातलं आरोग्याचं केंद्र दिल्लीच्या एम्स आणि दिल्ली आयआयटीकडे आहे.

थेट कर्करोगासाठी म्हणाल तर २०२५ मध्ये इंडिया एआय आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड यांनी मिळून एक अनुदान योजना काढली. एका प्रकल्पाला ५० लाखांपर्यंत, आणि तो प्रयोग यशस्वी ठरला तर पुढे वाढवायला एक कोटीपर्यंत. रुग्णालय आणि तंत्रज्ञ यांनी जोडीने अर्ज करायचा, ही त्यातली चांगली अट. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची बायरॅक ही संस्थाही नवउद्योजकांना सुरुवातीच्या टप्प्यावर ५० लाखांपर्यंत मदत देते. गर्भाशयमुखाचा फोटो काढणारं छोटं उपकरण बनवणारी पुण्याची पेरिविंकल, पॅप तपासणीच्या काचपट्ट्या एआयने वाचणारी बेंगळुरूची ऐंद्रा, अशा कंपन्या याच वाटेवरच्या. म्हणजे आपल्या दोन्ही बाजूंना, महाराष्ट्रातही आणि कर्नाटकातही, हे काम सुरू आहे.

बाहेरच्या देशांत बीजांडकोशाच्या कर्करोगावर काम करणाऱ्या ऑस्ट्रेलिया, कॅनडा, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या संस्थांनी एकत्र येऊन खास एआय संशोधनासाठी दहा लाख डॉलरचं अनुदान जाहीर केलं. तिकडेही बायकांचे कर्करोग निधीत मागेच असतात. आजार जितका जीवघेणा, त्या मानाने पैसा किती, असं गणित अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलं, तेव्हा बीजांडकोश, गर्भाशयमुख आणि गर्भाशय हे तिन्ही कर्करोग यादीत खालच्या बाजूला निघाले.

आपल्याकडेही चित्र फार वेगळं नाही. टाटा मेमोरियलने जैवतंत्रज्ञान विभागाच्या निधीतून, मुंबई आयआयटी आणि इतर रुग्णालयांना घेऊन, कर्करोगाच्या एक्स-रे, स्कॅन वगैरे चित्रांची मोठी पेढी उभी करायला घेतली. एआयला शिकवायला अशी पेढी लागतेच. पण सुरुवात झाली ती डोकं-मान आणि फुप्फुसाच्या कर्करोगापासून. त्यामागे वैद्यकीय कारणं असतील, तंबाखूचा आजार देशात मोठा आहेच. तरी बायकांच्या कर्करोगांची पाळी नंतर आली, हेही खरं.

बार्शीने शिकवलेला धडा

एआय नसताना आपल्या सीमेलगत झालेलं एक काम इथे सांगायलाच हवं. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. तिथल्या डॉक्टरांनी टाटा मेमोरियल आणि जागतिक कर्करोग संशोधन संस्थेबरोबर १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, एक मोठा अभ्यास केला. गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका त्यात होत्या. काहींची एचपीव्ही तपासणी केली, काहींची पॅप तपासणी, काहींची व्हिनेगरची तपासणी, आणि चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा.

२००९ मध्ये निकाल छापून आला. एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, काहीच तपासणी न झालेल्या गटात ६४. गट जवळपास सारख्याच आकाराचे होते. मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. जगभरच्या तपासणीच्या धोरणात या अभ्यासाचा दाखला दिला जातो. त्याच वेळी ‘चौथ्या गटातल्या बायकांना तपासणीविना का ठेवलं?’ असा नैतिकतेचा प्रश्नही उठला, आणि तो योग्यच होता. संशोधनासाठी आपल्याकडच्या बायका सहज मिळतात, पण त्यातून आलेली सोय त्यांच्याच गावात उशिरा पोहोचते, हा त्या वादाचा गाभा आहे. आज एआयसाठी फोटो गोळा करतानाही तोच प्रश्न उभा राहतो.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झालेल्या दुसऱ्या अभ्यासात तर डॉक्टर नव्हे, थोडं प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या बायकांनी व्हिनेगरची तपासणी केली. दीड लाख बायका, दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. यात मशीन नव्हतं. घरोघर जाणारी बाई होती, तपासणीनंतर पाठपुरावा होता आणि उपचाराची सोय होती.

मग एआय नक्की काय करणार?

व्हिनेगरची तपासणी, जिला दवाखान्यात व्हीआयए म्हणतात, ती सोपी आहे. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठतो का ते पाहायचं. खर्च नगण्य. पण बघणारी नजर महत्त्वाची. एका नर्सबाईंना डाग दिसतो, दुसऱ्यांना तो साधी सूज वाटते. इथे एआयचा खरा उपयोग आहे. फोनने फोटो काढायचा आणि मशीनने दुसरं मत द्यायचं.

२०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कोस्टारिकातल्या नऊ हजारांवर बायकांच्या जुन्या फोटोंवर असं मॉडेल शिकवलं. निकाल इतका चांगला आला की जगभर गाजावाजा झाला. पण ते फोटो १९९० च्या दशकातल्या खास फिल्म कॅमेऱ्यांनी काढलेले. तेच मॉडेल दुसऱ्या कॅमेऱ्याच्या, साध्या फोनच्या फोटोंवर तसं चालेना. मग त्याच गटाने ते जवळपास नव्याने बांधायला घेतलं आणि एचपीव्ही तपासणीच्या जोडीने अनेक देशांत त्याची चाचणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये असं मॉडेल कसं शिकवावं, कसं पडताळावं याची चौकट जाहीर केली, ती गर्भाशयमुखाच्या तपासणीचंच उदाहरण घेऊन.

बीजांडकोशाच्या बाबतीत स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेचं २०२५ मधलं काम जास्त आशा देणारं आहे. आठ देशांतल्या २० रुग्णालयांतल्या ३,६५२ बायकांच्या १७ हजारांवर सोनोग्राफी चित्रांवर एआयचा अचूकपणा ८६.३ टक्के निघाला. तज्ज्ञांचा ८२.६, आणि तज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांचा ७७.७. तालुक्याच्या गावी जिथे सोनोग्राफीचे तज्ज्ञ नाहीत, तिथे याचा फायदा होऊ शकतो. पण लक्षात घ्या, ही बाईला गाठ आहे हे कळल्यानंतरची मदत आहे, धडधाकट बायकांची सरसकट तपासणी नव्हे. तशी सरसकट तपासणी ब्रिटनमध्ये दोन लाख बायकांवर करून पाहिली. २०२१ मध्ये निकाल आला की त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. लवकर सापडलं म्हणजे जीव वाचलाच, असं दर वेळी होत नाही.

खोट्या भीतीचा बाजार

आता सगळ्यांत नाजूक मुद्दा. मशीन चुकतं तेव्हा काय होतं?

समजा, एका कॅम्पमध्ये हजार बायका आल्या आणि त्यातल्या दहा जणींना खरोखर कर्करोगाआधीची अवस्था आहे. समजा, मशीन दहापैकी नऊ जणींना बरोबर पकडतं आणि निरोगी बायकांपैकी ८५ टक्के जणींना बरोबर ‘ठीक’ म्हणतं. ऐकायला उत्तम. पण उरलेल्या ९९० निरोगी बायकांपैकी जवळपास १४८ जणींना ते उगाच ‘संशयित’ ठरवेल. म्हणजे घाबरवलेल्या १५७ बायकांत खऱ्या रुग्ण फक्त नऊ. हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण गणित असंच चालतं. आजार दुर्मीळ असला की चांगल्या मशीनचाही बहुतेक इशारा खोटा निघतो. म्हणूनच पुढची पक्की तपासणी हाताशी हवी.

ती नसली तर? आपल्या भागात याचं उत्तर ठाऊक आहे. ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ हे वाक्य किती बायकांनी ऐकलंय! बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेलं. सरकारी समितीने ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. याच टोळ्या कोल्हापूर आणि बेळगावच्या कारखान्यांवर ऊस तोडायला येतात. इकडे कलबुर्गीच्या लंबाणी तांड्यांवरही असंच प्रकरण २०१५ च्या सुमारास उघडकीला आलं होतं. शेवटी एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की गरज नसलेल्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी लागू करावीत.

अशा बाजारात ‘मशीननेच सांगितलंय’ हे नवं वाक्य आलं तर काय होईल, याचा विचार निधी देणाऱ्यांनी करायला नको का? डॉक्टरशी वाद घालणारी बाई मशीनशी कसा वाद घालणार? कर्करोगाआधीच्या अवस्थेला बहुतेक वेळा गर्भाशय काढावं लागतच नाही. गर्भाशयमुखाचा तेवढा भाग उष्णतेने जाळून किंवा गोठवून, किंवा छोटा तुकडा काढून उपचार होतो. ही माहिती ज्या ॲपमध्ये, ज्या कागदावर नसेल, ते ॲप अर्धवट आहे.

सीमाभागाचा वेगळा पेच

आपल्याकडे यात दोन गोष्टींची भर पडते. एक भाषा. मॉडेल शिकवायला बाईचा फोटो घ्यायचा तर तिची संमती लागते. आयसीएमआरने २०२३ मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात समजून-उमजून दिलेल्या संमतीवर भर आहे. त्याच वर्षी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही झाला. पण खानापूरच्या मावशींपुढे इंग्रजी किंवा फक्त कानडी फॉर्म ठेवून अंगठा घेतला, तर ती संमती कसली? तसंच एखाद्या कानडी बाईपुढे कोल्हापूर-मिरजेत फक्त मराठी कागद ठेवला, तर तीही नाही. हा भाषावाद नाही. गर्भाशयमुखाचा फोटो कुठे जाणार, कोण बघणार, नाव लागणार का, हे तिला तिच्या बोलीत कळलं पाहिजे, एवढीच साधी मागणी आहे.

दुसरी गोष्ट उपचाराची. आपल्या भागातली बाई तपासते एका राज्यात, ऑपरेशन करते दुसऱ्या राज्यात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ८६५ सीमागावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकाने त्याला हरकत घेतली. राजकारण आपल्या जागी. पण बाई पिवळी चिठ्ठी पिशवीत घालून बेळगावहून मिरजेला, हुबळीहून मुंबईला जाते, तेव्हा तिच्या नोंदींची साखळी तुटते. एआयला शिकायचं असेल तर ‘पुढे त्या बाईचं काय झालं’ हेच सगळ्यांत मोलाचं उत्तर असतं. नेमकं तेच सीमेवर हरवतं.

आपल्याकडे काय आहे?

सामान भरपूर आहे. हुबळीत नवनगरला कर्नाटक कॅन्सर संस्था आहे. जुनं किम्स, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. धारवाडला २०१६ पासून आयआयटी आहे. बेळगावात केएलईच्या कर्करोग रुग्णालयाचं उद्घाटन जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते झालं. गोव्यातली मोलबायो आणि पुण्याची मायलॅब या कंपन्यांनी एचपीव्ही तपासणीचे देशी किट तयार केलेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची देशी लसही पुण्याच्या सीरमचीच.

आणि अनुभवही आहे. बेळगावच्या जेएनएमसीने अमेरिकन संशोधन निधीतून जिल्ह्यातल्या गावांत बाळंतपणात अतिरक्तस्राव रोखणाऱ्या गोळीचा अभ्यास केला. १,६२० बायका, गोळी देणाऱ्या गावच्याच एएनएम. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. २००६ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, आणि २०११ मध्ये ती गोळी या कामासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेली. तो पैसा सत्कारणी लागला, कारण प्रश्न गावातला होता, हात गावातल्या नर्सबाईंचे होते आणि मोजमाप ‘बाईचं रक्त किती गेलं’ याचं होतं.

निधी देताना विचारायचे प्रश्न

म्हणून एआयला विरोध करायचं कारण नाही. पण प्रत्येक प्रकल्पाला पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला, मॉडेल आपल्याकडच्या बायकांवर, आपल्याकडच्या नर्सबाईंच्या हातातल्या फोनवर तपासलंय का? बाहेरच्या फोटोंवरचे टक्के इथे चालणार नाहीत.

दुसरा, ‘संशयित’ निघालेल्या बाईची पक्की तपासणी आणि उपचार किती दिवसांत, कुठे, कुणाच्या खर्चाने? निधीतला ठरावीक हिस्सा यासाठी राखून ठेवलाय का? आज बहुतेक पैसा मॉडेल बनवण्यावर जातो, बाईला दुसऱ्यांदा दवाखान्यात आणणाऱ्या आशाताईच्या बसभाड्याला कुठल्याच रकान्यात जागा नसते.

तिसरा, यश कशाने मोजणार? ‘इतके फोटो वाचले, इतके टक्के अचूक’ हे यश कंपनीचं. ‘इतक्या बायकांचा उपचार पूर्ण झाला, इतकी अनावश्यक ऑपरेशनं टळली’ हे यश बाईचं.

चौथा, ज्यांच्या फोटोंवर मशीन शिकलं, त्या तालुक्यांना ते फुकट किंवा स्वस्तात मिळणार का? बार्शी-धाराशिवच्या बायकांनी जगाला धोरण दिलं. खानापूर-कलघटगीच्या बायकांनी फक्त डेटा द्यायचा आणि बिलही भरायचं, असं होऊ नये.

हुबळी, धारवाड आणि बेळगावच्या संस्थांनी मिरज-कोल्हापूरच्या रुग्णालयांना बरोबर घेऊन असा एखादा जोडअर्ज केला, मराठी-कानडी संमतीपत्रासकट आणि दोन्ही राज्यांत चालणाऱ्या पाठपुराव्यासकट, तर ५० लाखांच्या अनुदानातूनही सुरुवात होऊ शकते. सीमा आपल्याला नेहमी अडचण म्हणूनच दाखवली जाते. या कामात ती ताकद होऊ शकेल, कारण दोन भाषा, दोन आरोग्यव्यवस्था आणि तरीही एकच आजार असलेलं ठिकाण संशोधकांना शोधून सापडणार नाही.

आणि वाचकांसाठी एक साधी गोष्ट. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी सांगितली आहे. त्यासाठी एआय यायची वाट बघायची गरज नाही. घरातल्या आईला, काकूला, वहिनीला जवळच्या आरोग्य केंद्रात घेऊन जा. रिपोर्ट हातात आला आणि कुणी लगेच ‘पिशवी काढा’ म्हटलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.